सपाट स्लॅबचं दुमजली घर बांधतोय, नकाशा तपासून द्याल का?

पागोळी

नमस्कार मंडळी. घरबांधणीचे धागे बरेच दिवस वाचतेय, आज स्वतःचा पहिला काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

घरात सहा माणसं. सासू-सासरे, नवरा, मी, तेरा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा धाकटा. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांची खोली तळमजल्यावर असणार हे पक्कं. प्लॉट सपाट आहे. रस्ता पूर्वेला, उत्तरेला शेजाऱ्यांची भिंत अगदी जवळ, दक्षिण मोकळी आणि पश्चिमेला मागची बाग. घर पूर्व-पश्चिम १० मीटर आणि उत्तर-दक्षिण १२ मीटर, तळमजला अधिक पहिला मजला. वर सपाट छत, कारण आम्हाला सगळ्यांनाच गच्ची हवी आहे. रात्री वर जाऊन पडता आलं पाहिजे, ही लेकीची एकमेव अट.

आर्किटेक्टकडे जाण्याआधी आपल्याला काय हवंय ते आपल्याला नीट कळावं, म्हणून आलेख कागदावर मी स्वतः नकाशा काढलाय. खाली: पुढे मोठा हॉल, मध्ये जिना, मागे बागेच्या बाजूला जेवणघर आणि स्वयंपाकघर सलग, बागेकडे ४ मीटरची पूर्ण काच. सासू-सासऱ्यांची खोली आग्नेय कोपऱ्यात, तिला लागून बाथरूम. वर: तीन बेडरूम तीन कोपऱ्यांत, प्रत्येकीला स्वतंत्र बाथरूम, चौथ्या कोपऱ्यात बाल्कनी. छताचं सगळं पाणी मागे पश्चिमेला काढायचं.

खोल्यांची मापं पुरेशी आहेत का आणि जिना मध्ये ठेवणं बरोबर आहे का, हे मुख्य प्रश्न. पण चुकतंय ते सगळं सांगा, आता फक्त खोडरबर लागेल.

ओळंबा

ताई, घर बांधायच्या आधी धागा काढलात हे फार चांगलं केलंत. चाळीस वर्षं साइटवर काढली, लोक बहुतेक वेळा स्लॅब पडल्यावर विचारायला येतात.

खोल्यांच्या मापांकडे नंतर येतो. तुमच्या नकाशात छताला शेवटचं एक वाक्य मिळालंय, तिथूनच मी सुरुवात करणार. सपाट छताच्या घराचा नकाशा गच्चीपासून खाली काढायचा. पहिला कागद गच्चीचा. पाणी कुठून कुठे वाहणार, कुठल्या भिंतीवरून खाली उतरणार, हे आधी. मग पहिला मजला, मग तळमजला. उतरत्या छपरावर पाणी आपलं आपण पळतं. सपाट छतावर त्याला वाट करून द्यावी लागते, आणि ती वाट घरातूनच जाते.

तुमचाच हिशोब करू. छत १० गुणिले १२, म्हणजे १२० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळली, तर तासाला १२,००० लिटर पाणी. मिनिटाला २०० लिटर. हे सगळं तुम्ही पश्चिमेला ढकलताय. पश्चिमेच्या भिंतीवर खाली काय आहे? ४ मीटरची काच. मग पाइप कुठून उतरणार? काचेच्या मधोमध चालणार नाही, म्हणून ऐनवेळी कोणीतरी तो कोपऱ्यात नेणार, आणि गच्चीवरचं पाणी त्या कोपऱ्यापर्यंत आडवं न्यायला उतार उरणार नाही.

आता उताराचं. सपाट छत सपाट नसतं. पूर्ण झालेल्या छताला ८० मीटरला १ मीटर, म्हणजे १:८० एवढा तरी उतार हवा. तो प्रत्यक्षात मिळावा म्हणून ब्रिटिश बांधकाम-संकेतात आखताना १:४० धरतात. कारण स्लॅब वाकतो. ५ मीटरच्या गाळ्याला (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) २० मिमीपर्यंत वाक हिशोबात बसतो (गाळा भागिले २५०), आणि काँक्रीट पुढे कित्येक वर्षं हळूहळू वाकत राहतं. २० मिमी म्हणजे काय ते बघा. त्या वाकाने गाळ्याच्या टोकाशी साधारण १:६० ते १:८० चा उलटा चढ तयार होतो. तुम्ही १:१०० ने उतार दिला असेल, तर पाणी पाइपच्या तोंडापाशी येऊन थांबणार. नवीन घराच्या गच्चीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षी डबकं का दिसायला लागतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

एकाच बाजूला १० मीटर उतार १:४० ने द्यायचा तर पूर्वेची कड २५० मिमी उंच. हे सगळं वरून भराव घालून केलं, तर सरासरी १२५ मिमी गुणिले १२० चौरस मीटर, म्हणजे १५ घनमीटर. तीसेक टन वजन नुसत्या उतारासाठी डोक्यावर. त्याऐवजी मध्ये उत्तर-दक्षिण उंचवटा धरून दोन्हीकडे ५-५ मीटर उतार दिला, तर उंची १२५ मिमी आणि वजन निम्मं.

तेव्हा आधी गच्ची काढा. मग बोलू.

मधली_खोली

ओळंबाकाकांना अनुमोदन. आमच्या घरी हेच झालंय, सविस्तर लिहिते सवडीने.

नळकोंडाळं

प्लंबिंगचं काम करतो म्हणून फक्त बाथरूमबद्दल. ताई, वर तीन बाथरूम तीन कोपऱ्यांत ठेवलीत, त्यातलं एक बरोबर हॉलच्या डोक्यावर आणि एक जेवणघराच्या डोक्यावर येतंय. संडासाचा १०० किंवा ११० मिमीचा पाइप आडवा नेताना त्यालाही उतार लागतो. तो हॉलच्या छताखालून जाणार, तुम्ही फॉल्स सीलिंगने झाकणार. पण आवाज झाकला जात नाही. खाली पाहुणे बसलेत आणि वर फ्लश ओढला, की सगळ्यांना कळतं. गळती झाली तर हॉलचं छत फोडायचं.

बाथरूमवर बाथरूम, पाठीला पाठ, शेजारी स्वयंपाकघराचं सिंक. एकच उभा डक्ट, म्हणजे पाइपांसाठीची उभी पोकळी, आत माणूस उभा राहू शकेल एवढा, निदान ६०० मिमी खोल, आणि बाहेरून उघडणारं दार. ते दार लहान केलं तर मी आत शिरत नाही, आणि मी शिरलो नाही तर टाइल फुटतात. तुमच्या प्लॉटवर उत्तरेला शेजाऱ्यांची भिंत आहे, तिकडे ना उजेड आहे ना दृश्य. डक्ट तिकडेच शोभतो.

पागोळी

ओळंबाकाका, रात्री साडेअकरापर्यंत नवरा आणि मी कागद घेऊन बसलो होतो. खरंच आमच्या नकाशात छत नव्हतंच, नुसतं वरचं झाकण होतं.

एक शंका. गच्चीच्या बरोबर मध्ये पाणी गोळा करून आतूनच पाइप खाली आणला तर? म्हणजे चारही दर्शनी भिंती मोकळ्या राहतील. मासिकांमधल्या घरांना बाहेर पाइप दिसतच नाहीत.

ओळंबा

करता येतं, मोठ्या इमारतींत करतातही. घरात मी करू देत नाही. बाहेरचा पाइप तुंबला तर भिंत भिजते, आतला तुंबला तर बिछाना भिजतो. शिवाय मोठ्या सरीत त्याचा आवाज रात्रभर.

तोंडं एकाहून जास्त हवीत, आणि त्या सगळ्यांखेरीज पॅरापेटमधून, म्हणजे गच्चीच्या कठड्यातून, बाहेर डोकावणारी एक तोटी, तोंडांच्या पातळीपेक्षा थोडी वर. पाला अडकून सगळं बंद झालं, तर पाणी त्या तोटीतून अंगणात पडेल आणि तुम्हाला दिसेल. ही तोटी नसली आणि १०० मिमी पाणी साचलं, तर १२० चौरस मीटरवर १२ टन. तुम्ही झोपलेल्या असाल.

स्लॅब आणि पॅरापेट जिथे मिळतात तिथे गोलसर वाटा मारून घ्यायचा, म्हणजे कोपरा गोलाईने भरायचा, आणि वॉटरप्रूफिंग भिंतीवर निदान १५० मिमी चढवायचं. काटकोनात ते दुमडतं आणि तिथेच तडकतं. तो कोपरा मी स्वतः बोटाने चाचपून बघतो. बोट खाचेत अडकलं तर काम परत.

मधली_खोली

आता लिहिते. आमचं घर बाहेरून फार देखणं आहे, लोक थांबून बघतात. लिहायला मन होत नव्हतं, पण ताईंच्या उपयोगी पडेल.

दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या खोलीच्या छतावर, पंख्याच्या हुकाजवळ, चहाच्या बशीएवढा पिवळट डाग आला. गच्चीवर बरोबर त्या जागेवर दुरुस्ती करून घेतली. डाग मोठा झाला. पुन्हा केली. तिसऱ्या वेळी आलेल्या जुन्या गवंड्याने सगळी गच्ची सुकू दिली, मग मातीचे छोटे बांध घालून एकेका भागात पाणी भरलं आणि दोन-दोन दिवस थांबला. पाणी शिरत होतं ते गच्चीच्या दाराच्या उंबऱ्याखालून, माझ्या डागापासून साडेतीन मीटर लांब. स्लॅबवर भरावाच्या खाली पाणी वाट काढत काढत हुकाच्या भोकातून खाली येत होतं. गळतं कुठे आणि दिसतं कुठे याचा संबंध नसतो.

आणि त्या दाराची गोष्ट नकाशातच चुकली होती. जिना काढताना गच्चीची पातळी म्हणजे स्लॅबची पातळी धरली होती. वर उताराचा भराव, उष्णता अडवणारा थर, फरशी, असं सगळं चढल्यावर उंबरठा बाहेरच्या फरशीच्या बरोबरीत आला. पाणी आत न येऊन करेल काय?

ओळंबा

मधली खोली, हे लिहिलंत ते फार बरं झालं. ताई, हे लगेच तुमच्या जिन्याला लावा.

मजल्याची उंची ३.१५ मीटर धरा. पायरी १७५ मिमी उंच, म्हणजे १८ पायऱ्या. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लाँदेल या वास्तुकाराने सांगितलेला हिशोब अजून चालतो: उंचीची दुप्पट अधिक पाऊल ठेवायची रुंदी, ही बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी हवी. आज आपण ६०० ते ६४० मिमी धरतो. १७५ ची दुप्पट ३५०, त्यात २७० ची रुंदी, ६२०. छान बसतो. सासऱ्यांसाठी १६५ पर्यंत उतरलात तर आणखी चांगलं, पण मग पायऱ्या वाढतात आणि जिना लांबतो.

दोन ओळींचा जिना, एकेक ओळ १ मीटर रुंद, मध्ये १०० मिमी. रुंदी २.१ मीटर. प्रत्येक ओळीत ८ पावलं (नववी पायरी म्हणजे लँडिंग किंवा वरचा मजलाच), २.१६ मीटर, अधिक १ मीटरचं लँडिंग. ३.१६ मीटर लांबी. चढायला-उतरायला पुढची मोकळी जागा वेगळी. एवढं आधी अडवून ठेवा, जिना उरलेल्या जागेत बसवायचा नसतो.

आता गच्चीची ओळ. जिना मध्ये, म्हणजे उंचवट्याजवळ. तिथे उताराचा भराव १२५ मिमी, उष्णतारोधक थर ७५ मिमी धरला आणि वर ५० मिमी फरशी. झाले २५०. त्याच्या वर उंबरठा निदान १५० मिमी हवा. स्लॅबपासून ४०० मिमी. म्हणजे वरच्या मजल्यावर तुम्हाला नेहमीपेक्षा दोन पायऱ्या जास्त आणि आतल्या बाजूने ५० मिमीचा उंबरठा. या दोन पायऱ्या आज कागदावर काढल्या नाहीत, तर साइटवर कोणीतरी उंबरठा बुडवणार.

पागोळी

दोन पायऱ्या मांडल्या. मग लक्षात आलं की दार वर सरकलं म्हणजे गच्चीवर निघणाऱ्या जिन्याच्या खोलीचं छतही वर सरकतं. बाहेरून घर कसं दिसेल याची मला जरा काळजी वाटतेय.

कवडसा

पागोळी, काळजी करू नकोस, त्या उंचीचा उपयोग करून घे. (मी आर्किटेक्ट आहे, पण तुझी आर्किटेक्ट नाही, तेव्हा हे मैत्रिणीचं बोलणं समज.)

ओळंबाकाका पाण्याचं बोलतायत, मी उजेडाचं बोलते. दोन्ही वरून येतात. खिडकीतून उजेड खोलीत किती खोल जातो? खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दुप्पट ते अडीचपट. वरची कड २.१ मीटरवर असेल तर ४.२ ते ५.२ मीटर. तुझं घर १० मीटर खोल आहे. दोन्ही बाजूंनी उजेड घेतलास तरी मधला पट्टा दिवसा दिवा मागणार. आणि तिथेच तू जिना ठेवला आहेस. मग त्या गच्चीवरच्या खोलीला उत्तरेकडे उंच काच दे. तू उत्तर गोलार्धात आहेस असं धरते. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा, डोळ्यांना न टोचणारा. जिन्याच्या दोन ओळींमधली फट १०० च्या ऐवजी थोडी वाढवता आली, तर तो थेट तळमजल्यापर्यंत उतरेल. तिथेच वर एक उघडती खिडकी ठेव. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते, खालच्या खिडक्यांतून थंड हवा ओढली जाते. जिना मध्येच राहू दे.

आता पश्चिमेची काच. ती बघून माझ्या पोटात गोळा आला. दक्षिणेचं ऊन दुपारी उंच असतं, त्याला छज्ज्याने अडवता येतं. सूर्य ६० अंशांवर असेल तर २.१ मीटर उंच खिडकी पूर्ण सावलीत ठेवायला १.२ मीटरचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं संध्याकाळचं ऊन आडवं येतं. सूर्य १५ अंशांवर आला की त्याच खिडकीला छज्जा किती लागेल? ७.८ मीटर. कोणी बांधत नाही. मग पडदे ओढले जातात, आणि ज्या बागेसाठी काच लावली ती बाग संध्याकाळी दिसतच नाही.

तुझ्या गावी सूर्य किती वर येतो हे स्वतः काढता येतं. ९० मधून तुझा अक्षांश वजा कर, मार्च आणि सप्टेंबरच्या समदिनांची मध्यान्हीची उंची मिळते. तुझं गाव कर्कवृत्ताच्या उत्तरेला असेल, तर त्यात २३.४ मिळव, जूनचा सर्वांत उंच सूर्य. वजा कर, डिसेंबरचा सर्वांत खालचा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असशील तर बेरीज नव्वदीच्या पुढे जाते, म्हणजे जूनच्या आसपास काही दिवस सूर्य माथ्यावरून उत्तरेकडे कलतो. चाळीस अंश उत्तरेला राहणाऱ्याला ७३.४ आणि २६.६ मिळतील. एवढ्या दोन आकड्यांवर दक्षिणेचे छज्जे बेतता येतात.

उंबरठा

इतकं सगळं छान चाललंय, त्यात मी एकच गोष्ट सांगतो. सासू-सासऱ्यांच्या बाथरूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं?

माझी आई बाथरूममध्ये पडली. दार आत उघडणारं. ती दाराला टेकूनच पडली होती, त्यामुळे मी ढकललं की तिलाच लागायचं. आतून ती म्हणत होती, "ढकलू नकोस रे, ढकलू नकोस." शेवटी बिजागरीच्या खिळ्या ठोकून काढल्या आणि दार उचलून बाजूला केलं. वीस मिनिटं गेली असतील. ती बरी आहे आता. पण मी त्या दिवसापासून कुठल्याही घरात गेलो की आधी बाथरूमचं दार बघतो.

बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार घ्या. मोकळी रुंदी ९०० मिमी. आत १.५ मीटरचं वर्तुळ मोकळं बसलं पाहिजे, तेवढ्यात चाकाची खुर्ची फिरते. आज खुर्ची लागत नसली तरी जागा आजच ठेवावी लागते. आणि आत-बाहेर पातळी एकच, उंबरा नको. त्यासाठी बाथरूमचा स्लॅब आधीच खाली घ्यावा लागतो, नंतर होत नाही. भिंतीत आधाराच्या दांड्या पुढे कधी लावायच्या असतील, तर तिथे भिंत भरीव ठेवायला सांगा.

नळकोंडाळं

उंबरठा दादा, प्रत्येक नकाशाखाली हा प्रतिसाद चिकटवायला हवा.

पागोळी

उंबरठा, तुमचं वाचून सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने उठून आमच्या आताच्या बाथरूमचं दार उघडून बंद करून बघत होते. ते आत उघडतं. या रविवारी ते फिरवून घेतोय, नव्या घराची वाट न बघता.

आता नवा नकाशा. सगळ्यांचं घेऊन पुन्हा पहिल्यापासून काढला, गच्चीपासून.

गच्ची: उंचवटा मध्ये, उत्तर-दक्षिण. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या कडेला दोन-दोन तोंडं. म्हणजे एकेका तोंडाकडे ३० चौरस मीटर, मोठ्या सरीत मिनिटाला ५० लिटर. तोट्या दोन, दोन्ही बाजूंना एकेक.

मग खाली उतरताना घर आपोआप तीन पट्ट्यांत विभागलं गेलं. १० मीटरचे ३.८, २.४ आणि ३.८. मधल्या पट्ट्यातून भिंतींची जाडी वजा जाता २.१७ उरतात, जिना बसतो. दुसऱ्या दिशेला १२ मीटरचे ४-४-४. कॉलम त्याच रेषांवर.

तळमजला: ईशान्येला सासू-सासऱ्यांची खोली, सकाळचं ऊन येईल. त्याला लागून मधल्या पट्ट्याच्या उत्तर टोकाला त्यांचं बाथरूम, वायव्येला स्वयंपाकघर. म्हणजे सगळं ओलं काम उत्तरेला एकत्र, डक्टही तिकडेच. मधल्या पट्ट्यात जिना. पूर्वेला पुढे हॉल, दक्षिणेपर्यंत ८ मीटर लांब. नैर्ऋत्येला जेवणघर, त्याची मोठी काच आता दक्षिणेकडे वळवलीय. पश्चिमेला बागेत उतरायला फक्त एक दार आणि पुढे वेलींचा मांडव.

पहिला मजला: बाथरूम तीनची दोन केली, खालच्या बाथरूमच्या बरोबर डोक्यावर, पाठीला पाठ. एक आमच्या खोलीला, एक मुलांना मिळून. बाल्कनी काढून टाकली, गच्ची आहेच. पश्चिमेच्या दोन्ही खोल्यांत पश्चिमेच्या भिंतीला ६०० मिमी खोल कपाटं, खिडक्या लहान.

ओळंबाकाका, आणि हे बघा. तोंडं कॉलमच्या रेषांवर घेतली, म्हणून पाइप ४ आणि ८ मीटरवर कॉलमच्या बाजूने सरळ खाली येतात. खिडक्या दोन कॉलमच्या मध्ये. एकही पाइप एकाही खिडकीला आडवा जात नाही. हे जुळलं तेव्हा नवरा आणि मी टेबलावरून उठून एकमेकांना टाळी दिली.

ओळंबा

मीही इथे बसून दिली ताई.

गाळे ४ मीटरच्या आत आले, त्यामुळे स्लॅबचा वाकही कमी होणार. वरच्या भिंती खालच्या भिंतींवर बसतायत, बीम सरळ जातायत. लोखंडाचा हिशोब अर्थात स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, माती तपासून. पाण्याची टाकी वर ठेवणार असाल तर जागा आजच सांगा. १,००० लिटर म्हणजे १ टन, ती कॉलमच्या डोक्यावर हवी, गाळ्याच्या मध्ये नव्हे.

उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरून घ्या, आतून नको. उन्हात १२ मीटर काँक्रीट ३० अंशांच्या फरकाने साडेतीन मिमी लांबतं, थंडावलं की आखडतं. रोज. मग वरच्या मजल्याच्या भिंतींत, स्लॅबच्या खाली, तिरक्या भेगा पडतात. वरून थर असला तर स्लॅबला एवढा ताप सोसावा लागत नाही, आणि दिवसभर शोषलेली उष्णता रात्री तुमच्या अंगावर सोडणंही कमी होतं.

कवडसा

फार सुरेख झालंय. एकच: ८ मीटरचा हॉल फक्त ३.८ रुंद आहे, त्याची बोगी होईल. जेवणघराच्या पुढ्यातला मधला पट्टा मोकळा ठेव, भिंत घालू नकोस. दक्षिणेला तिन्ही पट्टे एकमेकांत उघडले की ती जागा आपोआप रुंद होते.

सपाट छताबद्दल एक आठवण. पॅरिसजवळ प्वासीला ल कॉर्ब्युझिएने १९२८ ते १९३१ मध्ये बांधलेला व्हिला सव्हॉय आता जागतिक वारशाच्या यादीत आहे. घराने व्यापलेली जमीन गच्चीच्या रूपाने परत मिळवायची, हा त्याचा विचार मला आजही भावतो. पण त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने पहिल्याच काही वर्षांत गळतीच्या तक्रारी लिहून कळवल्या होत्या. विचार मोठा होता आणि तोंडं-उतार-उंबरठे कमी पडले. तू ते आधी केलंस.

मधली_खोली

स्वयंपाकघराचं कोणीच बोललं नाही! १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं, अवघं १.९ गुणिले ३.४ मीटर. बाई स्वयंपाकघरात किती पावलं चालते, ते मोजून. तुमचं त्याच्या दुप्पट असलं तरी सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचं अंतर वाढू देऊ नका. दोन्ही बाजूंना ओटा असेल तर मध्ये १.२ मीटर, म्हणजे दोघांना एकमेकांच्या पाठीमागून जाता येतं. ओट्याची उंची जास्त वेळ उभं राहणाऱ्याच्या कोपरावरून ठरवा, पुस्तकातून नको.

पागोळी

आज नवऱ्याने प्लॉटवर फक्कीने सगळा तळमजला खऱ्या मापात आखला. दारं सोडून दिली, पलंगाच्या जागी १.८ गुणिले २ चा आयत, कपाटांच्या जागी रेघा. धाकटा "भिंतीतून" पळाला की लेक त्याला परत पाठवत होती, दारातून ये म्हणून.

कागदावर न दिसलेल्या दोन गोष्टी दिसल्या. स्वयंपाकघरातून सासू-सासऱ्यांच्या खोलीत जायला जिन्याला वळसा पडत होता. जिना दक्षिणेकडे ४०० मिमी सरकवला आणि बाथरूमच्या भिंतीलगत १.१ मीटरची वाट निघाली. दुसरं, हॉलमधलं मुख्य दार उघडलं की रस्त्यावरून थेट जेवणाचं टेबल दिसत होतं. तिथे एक आडोशाची भिंत घेतोय, छातीएवढी.

संध्याकाळी अंधार पडल्यावर सासऱ्यांना त्यांच्या "पलंगावर" खुर्ची टाकून बसवलं आणि म्हटलं, बाथरूमला जाऊन या. ते काठी घेऊन उठले, भिंत नसलेल्या जागी हात टेकवल्यासारखा करत चालले. सात पावलं. दाराशी थांबले आणि म्हणाले, "दिव्याचं बटण इथे, उजव्या हाताला, आणि पलंगापाशी दुसरं."

तेही नकाशावर लिहिलंय. उद्या अकरा वाजता आर्किटेक्टकडे जातोय, गच्चीचा कागद सगळ्यात वर ठेवून.